अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मले नाही. तरीही ती तबकडी ऐकायलाच हवी

‘अ‍ॅसिड हाऊस’ हे संगीत भारताने जगाला दिले आणि पाश्चात्त्यांनी त्याचे श्रेय लाटले, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर पुनःपुन्हा उगवतो. सोबत चरणजित सिंग यांच्या तबकडीचे छायाचित्र असते. हा दावा इतिहास म्हणून टिकत नाही. किंबहुना ज्या तबकडीचा तो गौरव करू पाहतो, तिलाच तो लहान करतो.

आधी निर्विवाद गोष्टी. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ मधली. चरणजित सिंग मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक होते. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तबकडी खपली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये तिची पुनरावृत्ती निघाली. तेव्हा ही कोणा आधुनिक संगीतकाराने केलेली थट्टा असावी, असा संशयही काहींनी घेतला.

आता शिकागो. फ्यूचर या चमूची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची, म्हणजे पाच वर्षे नंतरची. येथेच आपले उत्साही मित्र टाळ्या पिटतात. परंतु ‘आधी’ आणि ‘मुळे’ ही दोन अव्यये एक नव्हेत. जी तबकडी भारतातच कोणी घेतली नाही, ती शिकागोच्या तरुणांपर्यंत पोहोचल्याचा कोणताही पुरावा नाही. दुवा आहे तो यंत्राचा. टीबी-३०३ बनवले गेले ते बास वाजवणारा सोबती नसलेल्या गिटारवादकासाठी. त्या कामी ते अपयशी ठरले आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या तरुणांनी त्याच्या कळा वाजतावाजता पिळल्या, त्यातून तो चिरकणारा आवाज निघाला, आणि रॉन हार्डी यांनी तो ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबात लोकांपुढे ठेवला. एकच यंत्र, दोन शहरे, दोन स्वतंत्र प्रयोग.

‘चोरी’चा आरोप मला केवळ चुकीचा नव्हे, निर्दय वाटतो. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शिकागोत, बेसबॉलच्या मैदानावर, जमावाच्या जल्लोषात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. त्या रोषामागे कृष्णवर्णीय आणि समलिंगी समाजाविषयीचा तिरस्कार होता, असे अनेक अभ्यासक मानतात. हाऊस संगीत घडवले ते याच समाजांतल्या तरुणांनी. त्यांच्या हातचे श्रेय काढून आपल्या झेंड्याला बांधणे, याला कोणता अभिमान म्हणावे?

मग ही तबकडी चाळीस वर्षांनंतरही लोक का ऐकतात? ‘काळाच्या पुढे’ हे उत्तर आळशी आहे. ती पूर्णपणे आपल्या काळातली आहे. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट होती, सिंग यांनी त्या तालावर राग बसवून पाहिले. ही तबकडी भैरव रागाने उघडते. पुढे ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. जाणकार नाक मुरडतील, आणि ते अगदीच चूक नाहीत: पाच-पाच मिनिटांत राग उलगडत नाही, ठेक्याला सम-खालीचा डौल नाही. पण खाली एकच आकृती तंबोऱ्यासारखी अखंड फिरत राहते, तिचा स्वर एकातून दुसऱ्यात घसरतो तेव्हा मींडेचा भास होतो, आणि वर ज्युपिटरवर रागाचे स्वर मोकळे हिंडतात. सुरावटींची साखळी नाही, कडवे-ध्रुपद नाही; एकाच स्वरस्थानाभोवतीची पुनरावृत्ती आहे. नाचणाऱ्यालाही तीच हवी असते. आकर्षणाचे मूळ मला तेथे दिसते.

सोलापुरात राहून एक विसंगती रोज दिसते. मिरवणुकीतील डीजेला ‘धांगडधिंगा’ म्हणून हिणवणारे हेच सज्जन या तबकडीवर मात्र ‘आपला वारसा’ म्हणून छाती फुगवतात. डीजेच्या आवाजाच्या पातळीविषयी त्यांची तक्रार रास्त आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण यंत्रावर वाजणारे, नाचण्यासाठीचे संगीत मुळातच हीन, असे मानायचे असेल तर चरणजित सिंगही त्याच पंगतीत बसतात. हलगी-लेझीमच्या शहरात तरी हे कळायला हरकत नसावी.

ऐकताना मोबाइलचा स्पीकर नको, त्यात टीबी-३०३ चा खर्ज उमटतच नाही. हेडफोन लावा आणि कलावतीपासून सुरुवात करा.