वाचलेला वेळ आणि हरवलेली सवड

प्रस्तुत काळी उपदेशकांचा मोठा सुकाळ झाला आहे. जो उठतो तो सांगतो, ‘जरा थांबा, सावकाश चला, मनाचा तोल सांभाळा.’ हा उपदेश वाईट आहे असे कोण म्हणेल? आमची तक्रार एवढीच की, ज्यास तो करावयाचा त्याच्या हाती थांबण्याचा अधिकार आहे किंवा नाही, हे पाहण्याची तसदी उपदेशक घेत नाहीत.

आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या. १८६५ च्या जानेवारीत कसारा ते इगतपुरी हा घाटातील लोहमार्ग खुला झाला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि डोंगराच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा गेला. वेळ वाचला यात संशय नाही. पण तो पडला कोणाच्या पदरी? पंचवटी एक्सप्रेसने मुंबईची नोकरी करणारा नाशिककर सकाळी घर सोडतो व रात्री परततो. गाडी नसती तर त्यास बिऱ्हाड हलवावे लागले असते, हे खरे. परंतु गाडी आहे म्हणूनच रोजचे सहा-सात तास रुळांवर घालविणे ही आता रीतच होऊन बसली आहे. वाहनाचा वेग वाढला की अपेक्षाही वाढतात. सवड ही वेगाच्या पोटी आपोआप जन्मास येत नाही.

यावर आमचे मित्र इगतपुरीच्या धम्मगिरीकडे बोट दाखवितात. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने तेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. दहा दिवस मौन पाळावयाचे, शुल्क काही नाही, सारा व्यवहार दानावर चालतो. त्या साधनेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराने दहा दिवसांची रजा कोणाजवळ मागावी? गेल्या दिवसांची मजुरी त्यास कोण देणार? आणि गंगापूर धरणाच्या काठची विश्रांतिगृहे तर ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठीच. सवड ही औषधाप्रमाणे ज्याची त्याने मिळवावी, असे ठरले की ज्यास तिची गरज अधिक त्यालाच ती मिळत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभेत रविवारची सुटी व दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. कामगारांस त्यांनी मन शांत ठेवण्याचा सल्ला दिला नाही. मालकांस यंत्र थांबविण्यास सांगितले. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. जी सुटी आज आम्ही निसर्गाचीच देणगी समजतो, ती अशी मागून, झगडून घेतलेली आहे.

आणि आज काय चालले आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. समर्थक म्हणतात, आठवड्याचे ४८ तास कायमच आहेत; चार दिवस जास्त राबावे, तीन दिवस मोकळे राहावे. हिशेब चोख आहे. पण माणसाचा शीण आठवड्याच्या बेरजेने मोजला जात नाही. बारा तास पाळी, त्यावर जाण्यायेण्याचा वेळ. अशा दिवशी मूल बापाला झोपेतच पाहते. मुलाने आपला अभ्यास आणि आपले हट्ट गुरुवारपर्यंत शिलकीत टाकावेत काय? शिवाय ते तीन दिवस खरोखर मोकळे राहतील, की जादा कामाच्या लोभाने व धाकाने तेही जातील, याचा जामीन कोण?

तोल हा शब्द तराजूचा आहे. एका पारड्यावर दुसऱ्याचा हात दाबलेला असता, दुसऱ्या पारड्याने स्थिर राहावे, असे सांगणे हा अध्यात्माचा अपमान होय. काम संपण्याची घटका नेमलेली असावी. त्या घटकेनंतर वरिष्ठांचा दूरध्वनी खणखणू नये. आठवड्याची सुटी विकत घेतली जाऊ नये. एवढे झाले तर गोदेच्या घाटावर संध्याकाळी कोणी किती वेळ बसावे, हे शिकविण्यास उपदेशकांची गरज पडणार नाही. सावकाश चालण्याचा उपदेश ज्यांस करावयाचाच आहे, त्यांनी तो प्रथम कारखान्याच्या कचेरीत जाऊन करावा, अशी आमची त्यांस नम्र सूचना आहे.