शुक्रवारचा पंप

गेल्या महिन्यात ट्यूबिंगवाल्या वाचकांची तीन पत्रे आली. एक भोसरीहून, एक चाकणहून आणि तिसरे या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या दापोडीतल्या एका शेडमधून. तिन्हींत मेल्ट पंप, म्हणजे वितळलेला माल डायकडे ढकलणारा गिअर पंप, बसल्याची तक्रार. एकाची शिअर पिन तुटली, दुसऱ्याच्या ड्राइव्ह गिअरचे दोन दात गेले, तिसऱ्याचा शाफ्ट बेअरिंगमध्ये धरला. तिघांनीही खापर पंप विकणाऱ्यावर फोडले आहे. पत्रांतल्या तारखा कॅलेंडरशी लावून पाहिल्या, तर तिन्ही वार शुक्रवार निघाले.

या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला याचे नवल वाटायला नको. इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि वीज कंपनीही देखभालीसाठी गुरुवारच धरते. बुधवारच्या रात्रपाळीने लाइन थांबवली की हीटर बंद आणि पंपाच्या पोटात उरलेल्या मालाचा दगड. शुक्रवारी पहिल्या पाळीच्या डोक्यावर डिस्पॅच बसलेला असतो. हीटर लावायचे, पॅनेलवर सेट टेम्परेचर दिसले की बटण दाबायचे. आता पॅनेलवरचा आकडा थर्मोकपलचा आणि थर्मोकपल पंपाच्या बॉडीत. बॉडी 220 ला पोचते तेव्हा शाफ्टभोवती आणि बेअरिंगच्या फटीत माल अजून अर्धाकच्चाच असतो. या बेअरिंगला ग्रीस नाही, तेल नाही. वंगण म्हणजे तोच वितळलेला माल. तो पातळ झाला नसेल तर मोटर नुसता जोर लावते. नशीब बरे असले तर शिअर पिन जाते आणि अर्ध्या तासात काम निभावते. दात गेलेल्या पंपात पिनच्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट होता. पत्रलेखकाने हे शेवटच्या ओळीत, जाता जाता, ‘पिन वारंवार तुटत असल्याने’ असे कारण देऊन कळवले आहे!

तापमान दिसल्यावर आणखी किती वेळ थांबायचे, हे पंपाच्या मॅन्युअलमध्ये छापलेले असते. पंप मोठा तसा वेळ जास्त. तो वेळ काट्यावर मोजावा. मग ड्राइव्हचा मेन स्विच बंद करून कुलूप घालावे आणि कपलिंगला पाना लावून पंप हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहावा. अडखळला तर अजून थांबावे. पाच मिनिटांचे हे काम एकाही पत्रात झालेले दिसत नाही. ज्यांचा माल उष्णतेत जळतो त्यांनी बुधवारी रात्री लाइनमधून पॉलिथिलीन चालवून मगच हीटर बंद करावेत. पंप रिकामा पळवून ‘साफ’ करण्याची पद्धत मात्र सोडावी. पंप रिकामा पळवणे म्हणजे बेअरिंग कोरडे पळवणे.

पण संपादकीय लिहायला बसायचे कारण हे नव्हे. तीन पत्रांपैकी एकासोबत त्या कारखान्याच्या प्रतिबंधक देखभालीच्या चेकशीटची झेरॉक्स आली आहे, ती पाहण्यासारखी आहे. सतरा ओळी. नववी ओळ : ‘मेल्ट पंप – सुस्थितीत आहे का?’ पुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन, त्यांत एकाच पेनाने, एकाच हाताने, बहुधा एकाच बसणीत केलेल्या बारा बरोबरच्या खुणा. अकराव्या महिन्यात पंप बसला. त्या चौकोनातही खूण आहे.

याच कारखान्यात मार्चमध्ये वाहन कंपनीचा ऑडिटर येऊन गेला होता. दिवसभर फायली चाळून त्याने एक त्रुटी काढली : टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनची मुदत चार दिवसांपूर्वी संपली आहे. त्यावर सुधारणा अहवाल, मूळ कारणाचा शोध, पाच वेळा ‘का?’ विचारलेला तक्ता, सगळे यथासांग झाले. त्या वेळी लाइन ऑडिटरच्या पाठीमागेच चालू होती. वर्षापूर्वी 31 आरपीएमला जी ट्यूब निघत होती, तीच ट्यूब त्याच वेगाने काढायला पंप 36 वर धावत होता. हा आकडा पॅनेलवर हिरव्या अक्षरांत झळकत होता. ऑडिटरने विचारले नाही, कारण त्याच्या यादीत तो प्रश्न नाही. कारखान्याने सांगितले नाही, कारण तिथे कुणी तो लिहूनच ठेवलेला नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

पंपाची तब्येत सांगणारा आकडा एकच आहे आणि तो फुकट मिळतो. पंप एका फेऱ्यात ठरलेले घनफळ ढकलतो. 20 सीसीचा पंप 30 आरपीएमला तासाला 36 लिटर माल ढकलेल. एलडीपीईची वितळलेल्या अवस्थेतली घनता सुमारे 0.76 धरली, तर हिशेबाने 27.4 किलो. नवा पंप प्रत्यक्षात थोडे कमी देतो, समजा 26.6. उरलेला माल दाबाच्या बाजूकडून फटींमधून मागे सरकतो. फटी वाढल्या की हे मागे सरकणे वाढते. त्याच 30 आरपीएमला 24.6 किलो पडू लागले की ऑपरेटर न बोलता वेग 32 च्या वर नेतो. ट्यूबचा व्यास बरोबर, जाडी बरोबर, गिऱ्हाईक खूश. पंप आतून झिजत चालल्याचे कुणाच्या ध्यानीमनी नसते, आणि गंमत म्हणजे ते झाकण्याचे काम आपलाच सगळ्यात हुशार ऑपरेटर करत असतो.

मोजायला काय लागते? हॉल-ऑफमधून पाच मिनिटांची ट्यूब कापून काट्यावर ठेवायची, बाराने गुणायचे, आरपीएमने भागायचे. सोबत सक्शनचा दाब, डायकडचा दाब, मेल्टचे तापमान आणि मालाचा ग्रेड लिहायचा. दाब वाढला किंवा माल पातळ झाला तरीही हे मागे सरकणे वाढते, म्हणून तुलना त्याच डायवर, त्याच ग्रेडवर आणि त्याच तापमानाला करायची. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी लाइन स्थिरावल्यावर केले तरी पुरे. या कचेरीजवळ एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एसटीच्या गाडीचे डॉकिंग किलोमीटर मोजून होते. ‘गाडी सुस्थितीत आहे का?’ एवढ्या एका प्रश्नावर तिला कुणी सोडत नाही. लाखो रुपयांच्या आयात पंपाच्या वाट्याला मात्र तेवढीही नोंद येत नाही.

बाकीच्या गोष्टी वाचकांना माहीत आहेत, तरी पत्रांवरून काही पुन्हा लिहाव्या लागतात. शाफ्ट सीलमधून येणारा बारीक ओघळ हा दोष नव्हे, कित्येक पंपांत तो यायलाच हवा. पॅकिंग आवळून तो बंद करणारा फिटर शाफ्ट जाळतो. ओघळ अचानक वाढला, किंवा काळा आणि कडक येऊ लागला, तर मात्र थांबून पाहावे. सक्शनचा दाब पडला तर बेअरिंग उपाशी राहते आणि डायकडचा दाब चढला तर काहीतरी फुटते. दोन्हींसाठी इंटरलॉक दिलेला असतो. एका पत्रलेखकाच्या पॅनेलमध्ये दोन्ही इंटरलॉकवर जंपर आहे, ‘तात्पुरता’. तो दिवाळीच्या आधीचा आहे.

शाफ्ट धरलेला पंप दुरुस्तीला कुठे गेला, हेही त्याच पत्रात आहे. एका जॉबवर्कवाल्याने गॅस टॉर्चने तो लाल केला, माल जाळला, गिअर हातोडीने काढले आणि वर ‘एकदम स्वच्छ’ असे बिलावर लिहिले. कडक केलेले टूल स्टील टॉर्चखाली नरम पडते आणि कुठे जास्त, कुठे कमी तापल्याने वाकतेही. शतांश मिलिमीटरच्या फटींवर चालणारे यंत्र पुन्हा जुळले, तरी ते पूर्वीसारखे चालण्याची आशा धरू नये. तापमान नियंत्रित असलेल्या ओव्हनमध्ये माल जाळावा, उरलेला पितळी अवजारांनी काढावा. जोडण्यापूर्वी गिअर आणि बेअरिंगची मापे घेऊन लिहून ठेवावीत. ज्या लाइनवर पीव्हीसी किंवा फ्लोरोपॉलिमर चालला असेल तिथला पंप ओव्हनमध्ये टाकण्याआधी सप्लायरला विचारावे. त्यांचा धूर माणसालाही खातो आणि लोखंडालाही.

आता एक असा प्रश्न, जो ऑडिटरच्या यादीत निदान आतापर्यंत तरी दिसलेला नाही. पंपाच्या आधी आणि नंतर जे मेल्ट प्रेशर ट्रान्सड्यूसर बसवलेले आहेत, त्यांच्या आत काय भरले आहे? अनेक जुन्या ट्रान्सड्यूसरमध्ये दाब पोचवणारा द्रव पारा असतो. टोकाचा पडदा फाटला की तो थेट मालात जातो. पडदा फाटतो तोही बहुतेक आपल्याच हाताने : थंड लाइनमधून ट्रान्सड्यूसर पान्याने उपटताना, किंवा भोक न साफ करता तो पुन्हा पिळताना. वैद्यकीय ट्यूब काढणाऱ्यांनी याचा अर्थ काय होतो याचा विचार करावा. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. 2022 मध्ये बालीला झालेल्या बैठकीत पारा असलेले मेल्ट प्रेशर ट्रान्सड्यूसर, ट्रान्समीटर आणि सेन्सर 2025 पर्यंत हटवायच्या यादीत घातले गेले. मोठ्या यंत्रसामग्रीत बसवलेल्या किंवा अतिअचूक मापनासाठी लागणाऱ्यांना, पर्याय नसेल तिथे, सूट ठेवली. तेल किंवा सोडियम-पोटॅशियम भरलेले ट्रान्सड्यूसर बाजारात आहेत. तरीही पट्ट्यातल्या किती स्टोअरमध्ये जुने, पारा भरलेले नग ‘स्पेअर’ म्हणून पडून आहेत, ते कपाट उघडल्याशिवाय कळणार नाही. मॉडेल क्रमांक सप्लायरला कळवला की त्याने उत्तर द्यायला हवे. कॅलिब्रेशनचे स्टिकर त्यावर चिकटलेले असेलच.

वीज कंपनीला या पानावरून पूर्वीही विनंत्या केल्या, पुन्हा करायला हरकत नाही : गुरुवारचा खंड किती वाजता संपणार, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळले तर हीटर कधी लावायचे ते ठरवता येते. अधूनमधून दहा-वीस मिनिटांसाठी जाणाऱ्या विजेवर कुणाकडे उत्तर नाही, तोवर प्रत्येक वेळी पंप हाताने फिरवून पाहणे एवढेच आपल्या हाती आहे. जनरेटरवर फक्त मोटरी घेतल्या आणि हीटर सोडले, अशी जोडणी असेल तर ती या आठवड्यातच बदलून घ्यावी.

आणि आता वाचकांकडे. मेंटेनन्स प्रमुखांनी आपल्या चेकशीटमधली ती नववी ओळ खोडून तिथे पाच रिकामे रकाने काढावेत : वजन, आरपीएम, दोन दाब, तापमान. खूण नको, आकडे हवेत. चार शुक्रवारांचे आकडे या कचेरीकडे महिनाअखेरपर्यंत पाठवावेत. पुढच्या अंकात ते एका तक्त्यात छापले जातील, म्हणजे आपला पंप शेजाऱ्याच्या पंपाच्या मानाने कुठे उभा आहे ते प्रत्येकाला दिसेल. कारखान्याचे नाव लिहू नये. पंपाची सीसी, बसवल्याचे वर्ष आणि मालाचा ग्रेड मात्र विसरू नये, आणि पिनच्या जागी बोल्ट असेल तर तेही कळवावे.