बशीतले वर्तुळ





विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी यंदा एक प्रकल्प सुचवला. नाल्याच्या पाण्यातले जिवाणू बशीत वाढवायचे, त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिक गोळ्या ठेवायच्या आणि सर्वांत जोरदार कोणती ते पाहायचे. मी परवानगी नाकारली. मुले हिरमुसली, दोन पालक भेटून गेले, एका विश्वस्तांचा फोनही आला. म्हणून कारण लिहूनच देतो.

कल्पना चुकीची नव्हती. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असेच करतात. समुद्री शेवाळापासून काढलेल्या आगरचा 4 मि.मी. जाडीचा थर बशीत ओततात. त्यावर रुग्णाच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंचे ठरावीक गढूळपणाचे पाणी कापसाच्या बोळ्याने फिरवतात, मग औषध भिनवलेल्या 6 मि.मी.च्या कागदी चकत्या ठेवून बशी 35 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवतात. औषध चकतीतून भोवती पाझरते आणि जिथवर ते जिवाणूंना रोखते तिथवर स्वच्छ वर्तुळ उमटते. अमेरिकेतील सिएटलच्या बॉवर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी 1966 साली या पद्धतीची मापे बांधून दिली.

पण मोठे वर्तुळ म्हणजे जोरदार औषध, असे नाही! व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, तो आगरमधून हळू सरकतो, म्हणून त्याचे वर्तुळ लहान. प्रत्येक औषधाचे वर्तुळ त्याच्याच कोष्टकाशी ताडायचे असते. आमच्या मुलांनी मात्र सर्वांत मोठ्या वर्तुळाला पहिला नंबर दिला असता.

नकाराचे खरे कारण वेगळे. नाल्याच्या पाण्यात काय असेल ते सांगता येत नाही, आणि बशीत ते कोट्यवधींनी वाढते. अशी बशी निर्जंतुक केल्याशिवाय टाकता येत नाही. ती सोय आपल्याकडे नाही, आणि स्वयंपाकघरातला कुकर त्यासाठी मी आणू देणार नाही.

त्याऐवजी दही लावू. सहा वाट्यांत सारखेच दूध, सारखेच विरजण. पहिल्या वाटीत शिक्षक अँटिबायोटिकचे पाणी घालतील, दुसरीत त्याच्या निम्मे, तिसरीत त्याच्याही निम्मे, आणि सहावीत काहीच नाही. दही ज्या वाटीपासून लागू लागेल, तिच्या अलीकडच्या वाटीतले प्रमाण म्हणजे त्या जिवाणूंना रोखणारी किमान मात्रा. प्रयोगशाळेत वाट्यांऐवजी परीक्षानळ्या असतात, हिशोब हाच. डेअऱ्यांतही दुधात औषधाचा अंश आहे का, हे जिवाणू वाढतात की नाही यावरून तपासतात. (प्रयोगातले दही कुणीही चाखायचे नाही.)

आता पालकांशी दोन शब्द. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. 'कल्चर' म्हणजे संस्कृती एवढेच मला बरीच वर्षे ठाऊक होते. एकदा ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी लघवीचे कल्चर सांगितले. मी आदल्या दोन दिवसांत घरात उरलेल्या गोळ्या गिळून बसलो होतो. रिपोर्टमध्ये काहीच वाढले नाही आणि ताप तसाच! नमुना औषधाआधी द्यायचा असतो, हे विज्ञान शिकवणाऱ्या मला तेव्हा कळले. डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागले, आणि दोनदा बदलावे लागले.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर मुलाला तापात ठेवायचे का, असे पालक विचारतात. ठेवू नये. गंभीर आजारात डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात. माझी तक्रार शेजाऱ्याची अर्धी पट्टी आणण्याबद्दल आहे. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते, तिथे या गोळ्यांचा उपयोगच नाही. 2014 पासून अनेक अँटिबायोटिक 'शेड्यूल एच-1'मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची आणि ती नोंद 3 वर्षे जपायची, असा नियम आहे. दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा त्याच्यावर चिडणारे आपणच असतो.

विश्वस्तांकडे मागणी लहानच आहे: सहा मोजपात्रे आणि दोन तापमापी. दूध शाळा देईल. विरजण मुलांनी घरून आणावे.

आपला,
प्राचार्य