दगडाला इनाम, हाताला मोजे

दोस्तहो, भायखळा स्टेशन पाहिलंत का? नुसते दारात लोंबकळत पुढे जात असाल तर एकदा उतरा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हाचं हे ठिकाण. आधी लाकडी होतं, १८५७ पर्यंत दगडी झालं. मग दीडशे वर्षांची धूळ आणि रंगाचे थर. शेवटी खाजगी ट्रस्टचा पैसा आला, जाणकार आले, जुनं काम खरवडून उजळलं. २०२२ साली स्टेशन नव्या रूपात लोकांपुढे आलं आणि त्याच साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार पदरात पडला.

खोटं कशाला बोलू? मला आवडलं. कमानीखाली उभा राहिलो, छाती भरून आली. आणि तिथंच टाळकं सटकलं.

माझा आजा या लाइनीवर गँगमन होता. खांद्यावर स्लीपर, हातात घण. तळहात म्हणजे नुसती खडी. पण 'वारसा' म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे कमान येते, हात येत नाही.

याच जीआयपी रेल्वेने बोरघाट फोडला. १८६१ च्या सुमारास ४०,००० वर माणसं त्या डोंगरात राबत होती. गावाने ज्यांना कुसाबाहेर ठेवलं, त्यांना घाटाने बरं आत घेतलं, सुरुंग पेरायला! पटकीने हजारो मेली. १८५९ साली मजुरी थकली म्हणून मजूर उठले, दंगा झाला. फॅव्हिएल, ट्रेडवेल या कंत्राटदारांची नावं इतिहासात टिकली. मेलेल्यांचा नुसता आकडा, तोही अंदाजे.

आणि अण्णाभाऊ? वाटेगावाहून बापाबरोबर मुंबईला पायी आले. गाडी होती, भाड्याला पैसा नव्हता. येऊन टेकले भायखळ्यातच, चांदबीबीच्या चाळीत. हासुद्धा भायखळ्याचाच इतिहास. संवर्धनवाल्यांनो, हा थर कोण खरवडणार?

आता एखादा पांढरपेशा म्हणेल, "अहो, स्टेशनात जात कशाला आणता?" आम्ही नाही आणली बाबा. २०१३ चा मैलासफाईविरोधी कायदा उघड. प्रस्तावनेतच जातिव्यवस्थेचं नाव आहे. व्याख्येत रेल्वेचा रूळ आहे. म्हणजे रुळावरचा मैला माणूस उचलतो आणि तो माणूस कोण असतो, हे सरकारनेच कबूल केलं. पण खाली बारीक स्पष्टीकरण बघ : सरकारने ठरवलेली साधनं आणि संरक्षक साहित्य वापरून मैला साफ केला, तर तो माणूस कायद्याने मैला उचलणारा ठरत नाही! वा रे कारागिरी! मैला तोच, माणूस तोच, जात तीच. हातात मोजे चढवले की गुन्हा गायब. डब्यांना आता बायो-टॉयलेट बसलीत, ठीक आहे. ती बसेपर्यंत शंभरावर वर्षं कुणाच्या हातांनी गेली?

स्टेशन पाडा असं मी म्हणत नाही. उजळा, शंभर स्टेशनं उजळा. पण दगडाला जो मान दिलात तो हाताला द्या. घाटात मेलेल्यांच्या आठवणीचा एक दगड दर्शनी भागात बसवा. सफाईवाल्याला ठेका नको, कायम नोकरी द्या. आणि मोज्यांची ती पळवाट कायद्यातून खोडा. यातलं एकही काम युनेस्कोला विचारून करावं लागत नाही.

दोस्तहो, उद्या भायखळ्याला उतरलात तर मान वर करून कमान जरूर पाहा. मग खाली पाहा. तिथं कुणीतरी झाडू मारत असेल. त्याचं नाव विचारा, पगार विचारा. आणि लिहून ठेवा. आपला इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.