नाताळचा डबा

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की आमच्या ऑफिसात एचआरची एक लाल-हिरवी मेल येते. खाली लुकलुकणारं झाड, वर 'ख्रिसमस लंच'चा मेन्यू. गेल्या वर्षी त्यात 'रोस्टेड टर्की' असं चक्क लिहिलं होतं. प्रत्यक्षात चिकनच निघालं, पण ते असो.

तर त्या लंचला आमच्या टेबलावर एक संवाद झाला. आमच्या टीममध्ये एक जण श्रीरामपूरकडचा आहे. मराठी ख्रिश्चन. आडनाव ऐकून कुणाला कळत नाही, २५ तारखेची सुट्टी टाकली की कळतं. त्याला कुणीतरी विचारलं, "काय रे, तुमच्याकडे घरी टर्की असते का?"

तो म्हणाला, "छे! सकाळी चर्च, मग घरी मटण-भाकरी. आणि आधीचे आठ दिवस फराळ. करंज्या, चकल्या, लाडू, शंकरपाळे."

"म्हणजे दिवाळीचंच खाता की!" दुसरा म्हणाला. "मग तुमचं वेगळं असं काय?"

तो हसला आणि ताटातल्या तथाकथित टर्कीकडे वळला. ते हसणं मी नंतर बरेच दिवस विसरलो नाही. वेगळं खाल्लं असतं तर 'परकं' म्हणालो असतो, आपल्यासारखं खातो तर 'नक्कल' म्हणालो. बिचाऱ्याने खायचं तरी काय?

मुळात 'ख्रिसमसचं जेवण' नावाची एकच एक गोष्ट आहे, ही समजूत आपण सिनेमे बघून करून घेतलीय. ज्या टर्कीवरून एवढं चाललंय तो पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्लंडातसुद्धा साध्या घरात बदक-हंसच असायचा. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधलं गरीब कुटुंब हंसच भाजून खातं, टर्की त्यांच्याकडे नंतर श्रीमंत स्क्रूजकडून येते. पोलंडमध्ये २४ तारखेच्या रात्री बारा पदार्थ, पण मांस अजिबात नाही, मासे चालतात. आणि जपानमध्ये १९७४ साली केएफसीने जाहिरात केली तेव्हापासून लोक नाताळला आधीपासून ऑर्डर देऊन तळलेलं चिकन खातात. जपानमध्ये ख्रिश्चन किती, ते तुम्हीच शोधा.

आणि एवढं लांब तरी कशाला? गोव्यातल्या नाताळच्या ताटात बेबिंका आणि दोदोलच्या शेजारी नेवऱ्या असतात. नेवरी म्हणजे काय? आपली करंजीच. वसईत बॉटल मसाल्याचा वास, इंद्याल आणि गरम फुगे. 'नाताळ' हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पावासारखाच, आणि तो आता इतका आपला झालाय की 'ख्रिसमस' म्हणणारा माणूस आपल्याला शहरी वाटतो. नगरकडे अमेरिकन मिशनरी आले १८३१ साली. तिथली माणसं ख्रिश्चन झाली ती त्यांच्या चुली, पाटे-वरवंटे आणि सोऱ्यांसकट. सणाला गोड करायचं म्हणजे करंजी करायची, हे त्यांना कुणाकडून शिकावं लागलं नाही. ते त्यांचंच होतं. मग ती नक्कल कशी?

एवढं सगळं मी त्या दिवशी टेबलावर बोललो असतो तर बरं झालं असतं. बोललो नाही. कारण मला आमच्या घरचा डबा आठवला.

मी यावलचा. तापीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे भुसावळ. बाबा रेल्वेत होते, रोज एसटीने भुसावळला जायचे. आमच्याकडे नाताळचा आठवडा म्हणजे भरिताचा आठवडा. बामणोदची वांगी जोरात असतात, शेतात कपाशीच्या काड्यांवर ती भाजायची, लाकडाच्या बडजीत ठेचायची, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि बरोबर पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. (शाळेत सर त्याच सुमारास १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन शिकवायचे. तेही डिसेंबरात याच दिवसांतलं. एवढी माणसं आली, त्यांना भरीत मिळालं की नाही, हा माझा तेव्हाचा प्रश्न.) नाताळ असा आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता.

पण २६ तारखेला बाबा घरी येताना एक स्टीलचा डबा आणायचे. त्यांच्याबरोबर काम करणारे एक काका ख्रिश्चन होते, काकू मूळच्या नगरकडच्या. डब्यावर काकांचं नाव कोरलेलं. आत वरच्या कप्प्यात करंज्या, खाली शेव-चकली, आणि कागदात गुंडाळलेला केकचा एक तुकडा.

तो डबा आमच्या स्वयंपाकघरात कधी गेला नाही. आजी म्हणायची, "ठेव तिकडे ओट्यावर." दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत कामाला येणाऱ्या बायकांना तो फराळ वाटला जायचा. मग आई डबा घासून, उन्हात वाळवून, त्यात केळीचे वेफर्स भरून बाबांकडे द्यायची. कारण कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, असं आजीच म्हणायची! तो नियम पक्का होता. फक्त आतलं खायचं नव्हतं. बाबा काकांना सांगायचे, करंज्या फार छान झाल्या होत्या.

मी एकदा आईला मागच्या अंगणात, पाठमोरी, एक करंजी खाताना बघितलं. तिनेही मला बघितलं. आम्ही दोघं आजतागायत त्यावर बोललेलो नाही.

हे वाचून आजीला नावं ठेवू नका. ती तिच्या काळाची होती, आणि ज्या बायकांना ती तो फराळ द्यायची त्यांच्याशी प्रेमाने वागायची. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर आठवेल, नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले त्यानंतर त्या नवरा-बायकोत खरी अडचण कशाची झाली? देवाची कमी, पाण्याची आणि स्वयंपाकाची जास्त. लक्ष्मीबाई पुढे १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, सोवळंही सोडलं, आणि ते कसं सुटलं हे त्यांनी स्वतःला हसत हसत लिहून ठेवलं. आमच्या घरात त्यानंतर शंभर वर्षांनीही डबा ओट्यावर होता. माझा राग आजीवर नाही. माझा राग आम्हा बाकीच्यांवर आहे, ज्यांचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता आणि तरी कुणी काही बोललं नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी भुसावळला काकांकडे गेलो. पुण्याहून रात्रभर प्रवास करून, बरोबर २५ डिसेंबरला. तारीख लक्षात होती, तरी वाटलं पाच मिनिटांत पत्रिका देऊन निघू. दुपारी बारा वाजता मराठी माणसाच्या घरात शिरून पाच मिनिटांत कोण निघालंय?

काकू म्हणाल्या, "बैस. जेवल्याशिवाय सोडणार नाही."

ताटात काळ्या मसाल्याचं मटण, ज्वारीची भाकरी, भात, कांदा-लिंबू. आणि एका वाटीत भरीत! मी भरिताकडे बघत राहिलो तर काका म्हणाले, "अरे, डिसेंबरात खान्देशात राहायचं आणि भरीत नाही म्हणजे काय?" जेवण झाल्यावर करंज्यांचं ताट आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची करंजी खाल्ली. पातळ, खुसखुशीत, सारणात खसखस भरपूर. आणि सवयीने, अगदी बाबांच्याच आवाजात म्हणालो, "फार छान झाल्यात."

काकू हसल्या. म्हणाल्या, "तुझे बाबाही दरवर्षी असंच म्हणायचे. एका वर्षी मी सारणात साखर घालायलाच विसरले होते. घरात सगळ्यांनी ओरडा केला, पण तोपर्यंत डबा गेलेला. दुसऱ्या दिवशी तुझे बाबा ह्यांना म्हणाले, करंज्या फार छान झाल्या होत्या."

आमच्या धंद्यात याला टेस्ट केस म्हणतात. इतकी चोख टेस्ट केस मी अजून लिहिलेली नाही, आणि काकूंनी तर ती चुकून लिहिली होती.

मला काय बोलावं सुचेना. मी विचारलं, "मग त्यानंतरही डबा का पाठवत होतात?"

"सणाला दिल्याशिवाय कसं खायचं?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या, माझ्यासाठी फराळ बांधायला.

परवा एका मित्राने नाताळच्या बुफेची लिंक पाठवली. माणशी अडीच हजार, टर्कीसकट. विचारत होता, येतोस का, जरा 'ऑथेंटिक' खाऊ. माझं म्हणणं एवढंच, की तो ज्या सोसायटीत राहतो तिथे त्याच्याच मजल्यावर एक मराठी ख्रिश्चन कुटुंब आहे. मी त्याच्याकडे गेलो की मला त्यांच्या दारावरचा कागदी तारा दिसतो. त्यांच्याकडे २५ तारखेला काय शिजतं हे त्याला माहीत नाही, आणि दिवाळीत त्याने त्यांच्याकडे ताट पाठवलं का, तर तेही नाही. पोलंडमधल्या त्या बारा पदार्थांच्या जेवणाला एक जास्तीचं ताट मांडून ठेवतात, अचानक कुणी आलं तर असावं म्हणून. आपल्याकडे ताट मांडलेलं असतं आणि आपण बुफेचं बुकिंग करत असतो.

साखरेची गोष्ट मी बाबांना सांगितली. लगेच नाही, ताईचं लग्न होऊन गेल्यावर. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुठल्या वर्षी?"

मी म्हणालो, ते विचारलं नाही.

आजी आता नाही. काका रिटायर झाले त्या वर्षीचा डबा परत द्यायचा राहूनच गेला होता, तो आमच्या माळ्यावर सापडला. काकांचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. या वेळी २५ तारखेला बाबा स्वतः भुसावळला येणार म्हणतायत. डब्यात काय भरून न्यायचं यावर आई-बाबांचं अजून एकमत होत नाहीये. बाबा म्हणतात बामणोदची वांगी न्यावीत. आई म्हणते करंज्या.