समुद्रातील पवनऊर्जेची कसोटी तळाशीच

गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे पवनऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. तेव्हापासूनची चर्चा मुख्यतः विजेचा दर आणि अनुदान यांभोवतीच फिरत राहिली. परंतु या प्रकल्पांचे भवितव्य ठरणार आहे ते पाण्याखालच्या मातीत.

मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडल्यापासून भर समुद्रात प्लॅटफॉर्म उभारण्याचा अनुभव भारताकडे आहे. मात्र तो जसाच्या तसा येथे उपयोगी पडणार नाही. तेलाचा प्लॅटफॉर्म अवजड असतो. त्याचे वजनच त्याला तळाशी घट्ट धरून ठेवण्यास हातभार लावते. पवनचक्की तुलनेने हलकी, पण उंच. वारा तिला सतत आडवा ढकलत असतो आणि लाटा खालून हादरे देत असतात. असे कोट्यवधी हेलकावे सोसताना पायाभोवतीची माती हळूहळू सैल होते, तर प्रवाहामुळे वाळू वाहून जाऊन खड्डा पडतो.

युरोपने याची किंमत मोजली आहे. डेन्मार्कमध्ये १९९१ साली विंडेबी येथे उथळ पाण्यात काँक्रीटच्या बैठकीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुढे समुद्रतळात ठोकलेल्या एकाच जाड पोलादी नळखांबाची पद्धत रूढ झाली. मात्र हा खांब आणि वरचा मनोरा जोडणारा सिमेंटचा थर अनेक ठिकाणी सरकू लागल्याचे २००९-१० च्या सुमारास उघडकीस आले. त्यानंतर नियमच बदलावे लागले. खोल समुद्रात तर पायाऐवजी नांगर येतो. स्कॉटलंडजवळ २०१७ मध्ये सुरू झालेल्या हायविंड प्रकल्पातील पाच तरंगत्या पवनचक्क्या प्रत्येकी तीन साखळ्यांनी बांधल्या आहेत. उपड्या बादलीसारखे त्यांचे नांगर आतील पाणी उपसून तळात रुतवलेले आहेत.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. येथे काही भागांत शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीयुक्त वाळू आढळते. अशा वाळूचे कण दाबाखाली चुरडतात आणि खांबावरची त्यांची पकड सुटते. ऑस्ट्रेलियातील नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे खांब १९८२ मध्ये अशाच मातीत स्वतःच्या वजनानेच कित्येक मीटर खाली गेले होते. खंबायतच्या आखातात याखेरीज प्रचंड भरती-ओहोटीचे वेगवान प्रवाह आहेत.

चक्रीवादळाचा धोकाही काल्पनिक नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ या बार्जचे नांगर निसटले, ते बुडाले आणि सुमारे ७० जणांचा बळी गेला. तेच वादळ पुढे दीव-उना परिसरात धडकले. गुजरातच्या प्रस्तावित पवनक्षेत्रापासून हा किनारा फार दूर नाही.

वाऱ्याचे मापन एका ठिकाणी केले तरी आसपासच्या बऱ्याच क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. मातीचे तसे नसते; काहीशे मीटरवर ती बदलू शकते. म्हणूनच प्रत्येक पवनचक्कीच्या जागी तळाची तपासणी निविदेआधी व्हावी आणि तिचे निष्कर्ष सर्व बोलीदारांना खुले असावेत. तसे न झाल्यास अज्ञात जोखमीची किंमत कंपन्या दरात मिळवतील आणि अखेर ती ग्राहकाच्या वीजबिलातूनच वसूल होईल.