भिंतीवरची बुरशी आणि घरातला खोकला

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की आपल्या चाळींतून, वस्त्यांतून आणि आता नव्या पुनर्वसन इमारतींतूनही एकच वास येऊ लागतो. ओल्या गोधडीचा कुबट वास. कपाट जरा सरकवले की मागची भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली दिसते. पोरांच्या दप्तराला बुरा येतो, चपलेच्या पट्ट्यावर पांढरी लव धरते. मग घरात जे बोलणे सुरू होते ते आमच्या भगिनींना तोंडपाठ आहे. "दिवसभर घरात असतेस, एवढी भिंत पुसायला होत नाही का?" सासू बोलते, नवरा बोलतो, चार दिवस राहायला आलेली नणंदही नाक मुरडून जाते.

आज आम्हाला आधी या बोलण्याविषयीच लिहायचे आहे, औषधपाण्याविषयी नंतर.

बुरशी ही घाणीने येत नाही, ओलीने येते. तिचे बी डोळ्यांना न दिसणारे असते आणि हवेत सगळीकडे तरंगत असते. बंगल्यातही असते, झोपडीतही असते. ते रुजायला माती लागत नाही की खत लागत नाही. भिंतीचा रंग, लाकूड, कागद, कातडे, कापूस यांपैकी काहीही त्याला पुरते. लागते ती फक्त ओल. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली नाही की त्यावर बुरशी धरलीच म्हणून समजा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात मोरी, चूल, आठ-दहा माणसे आणि पावसाळ्यात दोरीवरची ओली धुणी. अशा खोलीतली बाई दिवसातून दोनदा भिंत पुसेल, पण भिंतीच्या आतून येणारे पाणी ती कशी पुसणार?

अस्वच्छतेचा शिक्का आपल्या माणसांवर बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मारला. तोच शिक्का आपण घरातल्या बाईवर मारावा हे आम्हाला पटत नाही.

आणि हा दोष राहणाऱ्यांवर ढकलण्याची रीत आपल्याच देशात आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथे सुदानहून आलेले एक कुटुंब एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात राहत होते. घराला बुरशी आली म्हणून बापाने २०१७ साली तक्रार केली, तेव्हा त्याला वरून रंग मारून घ्यायला सांगण्यात आले. पुढे मूल झाले, तक्रारी होत राहिल्या, बुरशी तशीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा त्यांचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने मरण पावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निकाल लागला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे हा मृत्यू झाला, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या गृहसंस्थेने काय धरून चालले होते? हे लोक स्वयंपाक कसा करतात, आंघोळ कशी करतात, त्यांच्या राहणीनेच ओल येते! आपण तसे गृहीत धरले ही चूक झाली, असे संस्थेला नंतर कबूल करावे लागले. २०२३ साली तेथे त्या बाळाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू होऊ लागला. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरमालक गृहसंस्थेने २४ तासांत दखल घ्यायची, असे बंधन आले. एक मूल गेल्यावर आले, हे खरेच.

तेव्हा भिंत पुसण्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे. हे काम घरातल्या पुरुषांनीही करावे. शिडीवर चढायला पुष्कळांना येते.

डाग छतावर किंवा भिंतीच्या वरच्या भागात असेल, कडा पिवळसर असतील, तर पाणी वरून येते. पावसातच वाढतो की उन्हाळ्यातही ओला असतो ते पाहा. पावसात वाढला तर गच्ची, पत्रा किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. बाराही महिने ओला राहिला तर वरच्या घराची मोरी, संडास किंवा नळाची पाइप. जुन्या चाळीत संडास बाहेर होते, नव्या इमारतीत ते घरात आले. सोय झाली, पण गळण्याच्या जागाही घरात आल्या. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर तो लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जमिनीत लावावा. पिंपळ आपल्याला प्रिय आहे, पण भिंतीत वाढला तर त्याची मुळे भेगा रुंद करतात आणि त्याच भेगांतून पाणी आत शिरते.

ओल जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंतच असेल, भिंतीवर पांढरे क्षार फुलले असतील आणि गिलाव्याचे पोपडे निघत असतील, तर पाणी खालून, जमिनीतून चढते आहे. तळमजल्याच्या घरांत आणि बैठ्या वस्त्यांत हे फार. आणि ठिपके फक्त कोपऱ्यांत, कपाटामागे, खिडकीच्या कडेला असतील तर ती बहुधा घरातलीच वाफ असते.

खात्री करायला एक साधी परीक्षा आहे. दुधाच्या पिशवीचा स्वच्छ, कोरडा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस ठेवावा. तुकड्याच्या खोलीकडच्या बाजूला दंव धरले तर ओल हवेतली. तुकडा काढल्यावर आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी दिसले तर ओल भिंतीतली. वाफ असेल तर आपल्याला बरेच काही करता येते. भात शिजताना झाकण ठेवावे, खिडकी आणि दार काही वेळ तरी एकदम उघडे ठेवावे म्हणजे वारा आरपार जातो, कपाट-पलंग भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावेत, ओली धुणी पंख्याखाली पण खिडकीच्या बाजूला घालावीत. कपडे बाहेर वाळवा असे लिहिणे सोपे आहे. श्रावणात ते कोठे वाळवायचे हे लिहिणाऱ्याला विचारावे. पण पाणी भिंतीतून येत असेल तर यांतल्या कशानेही ते थांबणार नाही. वरून ऑइलपेंट मारणे किंवा प्लास्टिकचा कागद चिकटवणे तर मुळीच करू नये. ओल आत कोंडते आणि वर्षभरात रंग फुगून खाली येतो. त्यापेक्षा आपल्या आजीचा चुना बरा. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि त्याच्या खारेपणात बुरशी सहसा टिकत नाही.

आता प्रकृतीविषयी. बुरशीची भुकटी श्वासातून आत गेली की सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. पण कोणाला सतत शिंका येतात, नाक चोंदते, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. दमा असलेल्याचा दमा बळावतो. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि गिरणीत, खाणीत, बांधकामावर छाती आधीच झिजलेली माणसे, यांना जास्त जपावे. झोपताना त्यांचे अंथरूण ओल्या भिंतीला लागून घालू नये, एवढे तरी उद्याच करता येईल. मुलाच्या छातीत रात्री घरघर होत असेल, धाप लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांनी तोंडाने ओढायचा पंप दिला तर तो घ्यावा. पंपाची सवय लागते, पोरगी असली तर लग्न जमत नाही, ही समजूत सोडून द्यावी. पंपातले औषध थेट फुफ्फुसात जाते, म्हणून ते गोळीपेक्षा कमी मात्रेत पुरते.

दोन आठवड्यांवर खोकला टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, तर "ओलीने होतंय" म्हणून घरी बसू नये. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, ती फुकट तपासतात. क्षयरोग बुरशीने होत नाही, तो जंतूने होतो. पण ज्या घरात ऊन आणि वारा येत नाही तेथे दोघांनाही राहायला आवडते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. ज्या वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून उभ्या, खालच्या मजल्यांना ऊन नाही, तेथे क्षयाचे रुग्ण जास्त आढळले. ज्यांचा क्षय पूर्वी बरा झाला आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. क्षयाने फुफ्फुसात पोकळी राहिली असेल तर पुढे कधीकधी त्या पोकळीत बुरशी वाढते. खोकल्यातून रक्त येते आणि क्षय उलटला असेच वाटते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि त्रास मात्र चालूच आहे, असे झाले तर डॉक्टरांना हे जरूर विचारावे.

२०२१ मध्ये कोरोनानंतर ज्या 'काळ्या बुरशी'ने लोकांचे डोळे गेले, जबडे गेले, ती ही भिंतीवरची नव्हे. तो वेगळा रोग. साखर ताब्यात नसलेल्या आणि स्टेरॉइडची औषधे घेतलेल्या माणसांना तो मुख्यतः झाला. भिंतीवरचा काळा डाग पाहून तशी धास्ती घेऊ नये.

खाण्याच्या वस्तूंचा मात्र मोह सोडावा. शेंगदाण्याला, मक्याला, मिरचीला बुरा आला तर नुकसान सोसून फेकून द्यावे. त्यातल्या काही बुरशींचे विष भाजून, शिजवून जात नाही आणि ते यकृतावर बसते. महागाईत दाणे फेकताना जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी थोडेच भरावे.

भिंत साफ करताना कोरड्या झाडूने घासू नये, भुकटी घरभर उडते. नाका-तोंडावर फडके बांधावे, मुलांना शेजारी पाठवावे, खिडकी उघडावी आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. मग एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे ब्लीचिंग पावडर विरघळवून, गाळून, ते पाणी भिंतीला लावावे, पंधरा मिनिटांनी पुसून घ्यावे आणि पंखा लावून भिंत सुकवावी. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. संडास धुण्याचे ॲसिड या पाण्यात कधीही, चमचाभरही, मिसळू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि दहा बाय सोळाच्या खोलीत पळायला जागा नसते. कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्याने ओल जात नाही, कीड तेवढी दूर राहते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत. काही बाळांच्या रक्ताला त्या बाधतात आणि कावीळ होते.

भिंतीवरच्या तसबिरी महिन्यातून एकदा उतरवून पाठीमागून पाहाव्यात. बाबासाहेबांचा फोटो समोरून स्वच्छ पुसलेला असतो आणि मागचा पुठ्ठा काळा पडलेला असतो. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीचे रबरी बूच कापून चिकटवले की भिंत आणि चौकट यांत वारा खेळतो.

आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी! आपल्या कुटुंबांत तीत काय असते ते सांगायला नको. आजोबांच्या शाळेचा दाखला, जातीचा दाखला, भाड्याच्या पावत्या, जुने रेशनकार्ड. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो एकच कागद असतो आणि तो बुरशीने खाल्ला तर नातवाचा प्रवेश अडतो. पेटी विटांवर ठेवावी, भिंतीपासून लांब. बुरशी आलेला कागद उन्हात टाकू नये, शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर सुकवून मऊ ब्रशने हलकेच झाडावा. दमट कागद लॅमिनेट केला तर ओल आत राहून कागद आतच कुजतो. सुकल्यावर प्रती काढाव्यात, मोबाइलवर फोटो काढून मुलीच्या, भावाच्या फोनवरही पाठवून ठेवावेत.

राहिला अर्ज. सोसायटी असेल तर गच्ची, बाहेरची भिंत आणि सामायिक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची असते. वरच्या घराच्या मोरीतून गळत असेल तर तो खर्च त्या सभासदांचा. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. पालिकेच्या चाळींसाठी वॉर्ड ऑफिस. खासगी मालकाच्या खोलीत भाडेकरू असाल तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे खोली राहण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. जुन्या चाळींचे भाडे पाहता त्या चौथ्या हिश्शात सिमेंटची गोणीही येत नाही. तरी नोटीस द्यावी, कारण ती कागदावर राहते.

अर्ज एकट्याने करू नये. एका जिन्यावरच्या सगळ्या खोल्यांनी मिळून करावा, खोलीचे नंबर घालावेत. ओल कधीपासून आहे, कोणत्या भिंतीला आहे, घरात दम्याचे किंवा क्षयाचे कोण आहे ते लिहावे, तारखेसह फोटो जोडावेत. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये. ती प्रत घरी आणून पेटीत ठेवावी, विटांवरच्या.